रुपेर्तो कांगलेऑन

रुपेर्तो कादावा कांगलेऑन (२७ मार्च, इ.स. १८९० – २७ फेब्रुवारी, इ.स. १९५८) हे फिलिपिन्सचे लष्करी अधिकारी, दुसऱ्या महायुद्धातील लेयटे बेटावरच्या गनिमी सेनेचे सेनापती आणि नंतरच्या काळातील राजकारणी होते. जपानी सैन्याच्या कैदेतून निसटून त्यांनी लेयटेवरील परस्परांशी भांडणाऱ्या गनिमी टोळ्यांना एका सेनेत आणले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकी सैन्य लेयटेवर उतरले, तेव्हा बेटाचा बराचसा अंतर्भाग व दक्षिण भाग या सेनेच्या प्रभावाखाली होता. या कामगिरीबद्दल जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी २३ ऑक्टोबर १९४४ रोजी टॅक्लोबान येथे त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे पदक प्रदान केले. युद्धातील शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकी लष्करी पदकांत 'मेडल ऑफ ऑनर'नंतर याचा क्रम लागतो. फिलिपिन्स स्वतंत्र झाल्यावर १९४६ ते १९५० या काळात ते देशाचे संरक्षण सचिव होते. १९५३ मध्ये ते सिनेटवर निवडून आले व मृत्यूपर्यंत सिनेटचे सदस्य राहिले.

प्रारंभिक जीवन

कांगलेऑन यांचा जन्म लेयटे बेटाच्या दक्षिण टोकाजवळील मॅक्रोहॉन या किनारी गावी झाला. हे गाव आज दक्षिण लेयटे प्रांतात मोडते. कांगलेऑन हयात असेपर्यंत मात्र लेयटे हा एकच प्रांत होता; त्याची विभागणी त्यांच्या मृत्यूनंतर झाली. मॅक्रोहॉनपासून जवळच लिमासावा हे लहान बेट आहे. १५२१ मध्ये मॅगेलनच्या तांड्याने फिलिपिन्समधील पहिली ख्रिस्ती प्रार्थना तेथे केली, असे फिलिपिन्सचा अधिकृत इतिहास मानतो.

कांगलेऑन यांचे बालपण मोठ्या उलथापालथीच्या काळात गेले. १८९८ मध्ये फिलिपिन्समधील स्पेनची तीन शतकांहून अधिक काळची सत्ता संपली. त्यानंतर फिलिपिनो क्रांतिकारक व अमेरिका यांच्यात युद्ध झाले आणि द्वीपसमूह अमेरिकेच्या ताब्यात गेला. लेयटे व शेजारचे सामार ही बेटे त्यानंतरही काही वर्षे अशांत होती. डोंगराळ भागातील 'पुलाहान' नावाच्या धार्मिक बंडखोरांनी नव्या राजवटीशी दीर्घकाळ झुंज दिली. हे बंड मोडण्याचे काम १९०१ मध्ये स्थापन झालेल्या 'फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरी' या निमलष्करी पोलीस दलाकडे मोठ्या प्रमाणावर होते.

कांगलेऑन पुढे याच दलाच्या अकादमीत शिकून अधिकारी झाले. कॉन्स्टॅब्युलरीतील अधिकाऱ्याला लहान तुकडी घेऊन दुर्गम मुलखात फिरावे लागे, गावप्रमुखांशी बोलावे लागे आणि मोठ्या मदतीची वाट न पाहता निर्णय घ्यावे लागत. या नोकरीचा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला. १९३५ मध्ये फिलिपिन्सला अंतर्गत स्वायत्तता मिळाली व देशाची स्वतंत्र सेना उभारण्यास प्रारंभ झाला. कॉन्स्टॅब्युलरीतील अनेक अनुभवी अधिकारी या सेनेत घेण्यात आले. कांगलेऑन त्यांपैकी एक होते.

युद्ध आणि शरणागती

जुलै १९४१ मध्ये फिलिपिनो सेना अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या एकत्रित नेतृत्वाखाली आणण्यात आली. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही तासांतच, जपानी विमानांनी फिलिपिन्सवर बॉम्बहल्ले केले. कांगलेऑन त्या वेळी ५१ वर्षांचे होते. त्यांच्याकडे ८१ व्या पायदळ रेजिमेंटचे नेतृत्व होते. अपुरे प्रशिक्षण, जुन्या रायफली आणि दारूगोळ्याची टंचाई ही या नव्या फिलिपिनो तुकड्यांची सर्वसाधारण स्थिती होती.

९ एप्रिल १९४२ रोजी बटान द्वीपकल्पातील सैन्य शरण गेले आणि ६ मे रोजी कॉरेगिडोर हा मनिला उपसागराच्या मुखावरील किल्ला पडला. मॅकआर्थर मार्चमध्येच आदेशानुसार ऑस्ट्रेलियाकडे गेले होते. त्यांच्या मागे सूत्रे सांभाळणारे जनरल जोनाथन वेनराइट यांच्यापुढे जपानी सेनापतीने कठोर अट ठेवली, ती अशी की केवळ कॉरेगिडोरची शरणागती पुरेशी नाही, दक्षिणेकडील बेटांवरील सैन्यानेही शस्त्रे खाली ठेवली पाहिजेत. ही अट न मानल्यास कॉरेगिडोरवरील हजारो निःशस्त्र सैनिकांची कत्तल होईल, अशी भीती वेनराइट यांना होती. त्यांच्या आदेशावरून विसाया व मिंडानाओ विभागाचे सेनापती जनरल विल्यम शार्प यांनी १० मे १९४२ रोजी शरणागती पत्करली व आपल्या अधीन तुकड्यांना तसाच आदेश दिला.

दक्षिणेकडील बेटांवरील अनेक तुकड्यांचा तोपर्यंत पराभव झालेला नव्हता. त्यामुळे अधिकाऱ्यांपुढे कठीण पेच उभा राहिला. आदेश पाळला तर न हरता शत्रूच्या हाती जावे लागणार होते. मोडला तर लष्करी शिस्तीचा भंग होऊन आधीच कैदेत असलेल्या सहकाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होणार होता. पुष्कळ सैनिकांनी व काही अधिकाऱ्यांनी आदेश न मानता डोंगरांचा आश्रय घेतला. शिस्तीत मुरलेल्या कांगलेऑन यांनी आदेश पाळला. ते मिंडानाओ बेटावरील बुटुआन येथे युद्धकैदी झाले. त्यांच्या या निर्णयाचे पडसाद पुढे लेयटेवरील अंतर्गत संघर्षात उमटले.

डिसेंबर १९४२ मध्ये कांगलेऑन बुटुआनच्या तळावरून निसटले आणि समुद्रमार्गे लेयटेला, आपल्या मूळ मुलखात, परतले.

लेयटेवरील परिस्थिती

लेयटे हे सुमारे सव्वासात हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे बेट असून मधोमध उत्तर–दक्षिण पसरलेली डोंगररांग त्याचे दोन भाग करते. ईशान्येस टॅक्लोबानच्या बाजूला भातशेतीचे सुपीक खोरे आहे, तर पश्चिमेस ऑर्मोकचे खोरे व बंदर आहे. ईशान्य भागात वाराय भाषा बोलली जाते. पश्चिमेस व दक्षिणेस सेबुआनो भाषेचे प्राबल्य आहे. युद्धापूर्वी प्रांताची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. मे १९४२ च्या अखेरीस जपानी सैन्य बेटावर आले. ते प्रामुख्याने टॅक्लोबान, ऑर्मोक यांसारखी मोठी गावे व मुख्य रस्ते धरून होते. डोंगर आणि दूरची किनारी गावे त्यांच्या पकडीबाहेर राहिली.

या मोकळ्या मुलखात १९४२ च्या उत्तरार्धात अनेक गनिमी टोळ्या उभ्या राहिल्या. काहींचे पुढारी सेनेतील किंवा कॉन्स्टॅब्युलरीतील होते, तर काहींनी स्वतःच पुढारीपण घेतले होते. प्रत्येक टोळीने आपला प्रदेश आखून घेतला होता. अनेकांनी स्वतःला मोठमोठे हुद्दे बहाल केले होते. टोळ्यांमध्ये प्रदेश, शस्त्रे व धान्य यांवरून चकमकी होत. काही टोळ्या जपान्यांशी लढत. काहींचे वर्तन लुटारूंहून वेगळे नव्हते. शेतकऱ्याच्या घरातील तांदूळ एकदा जपानी गस्तीला आणि पुन्हा एखाद्या टोळीला द्यावा लागे. दोघांपैकी कोणालाही नकार देणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. परिणामी, गनिमांना ज्या लोकाश्रयाची गरज असते, तोच धोक्यात आला होता.

गनिमी टोळ्यांचे एकीकरण

ऑस्ट्रेलियातील मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाला १९४२ च्या अखेरीपासून फिलिपिन्समधील गनिमांचे बिनतारी संदेश मिळू लागले. मुख्यालयाने युद्धपूर्व लष्करी जिल्ह्यांची रचना पुन्हा अमलात आणून प्रत्येक जिल्ह्यासाठी एक अधिकृत सेनापती मान्य करण्याचे धोरण स्वीकारले. फेब्रुवारी १९४३ मध्ये पनाय बेटासाठी मकारिओ पेराल्टा व मिंडानाओसाठी अमेरिकी अभियंता वेंडेल फर्टिग यांना मान्यता मिळाली. लेयटे व सामार यांचा मिळून नववा जिल्हा होता. तेथे मात्र सर्वमान्य नेता नव्हता.

मार्च १९४३ मध्ये पाणबुडीने मिंडानाओवर उतरलेले अमेरिकी नौदल अधिकारी चार्ल्स 'चिक' पार्सन्स यांनी या प्रश्नात लक्ष घातले. युद्धापूर्वी मनिलात व्यवसाय करणाऱ्या पार्सन्स यांना बेटांची व माणसांची उत्तम माहिती होती. त्यांनी दक्षिण लेयटेत कांगलेऑन यांची भेट घेतली व बेटाचे नेतृत्व स्वीकारण्याची विनंती केली. कांगलेऑन प्रथम फारसे उत्सुक नव्हते. पार्सन्स यांच्या आग्रहानंतर त्यांनी ही जबाबदारी घेतली. नियमित सेनेतील ज्येष्ठ हुद्दा, स्थानिक जन्म व टोळ्यांच्या आधीच्या भांडणांपासून अलिप्तता या तीन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या.

दक्षिण व पूर्व भागातील बहुतेक टोळीप्रमुखांनी टप्प्याटप्प्याने त्यांचे नेतृत्व मान्य केले. ऑक्टोबर १९४३ मध्ये मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाने 'लेयटे एरिया कमांड'ला अधिकृत मान्यता देऊन कर्नल कांगलेऑन यांची तिच्या प्रमुखपदी नेमणूक केली. त्यांच्या सेनेची रचना नियमित सैन्याच्या धर्तीवर करण्यात आली व तिला ९२ वी डिव्हिजन असे नाव देण्यात आले.

मिरांडा यांच्याशी संघर्ष

एकीकरणातील सर्वांत मोठा अडथळा पश्चिम लेयटेत होता. ऑर्मोकच्या बाजूला ब्लास मिरांडा यांची 'वेस्टर्न लेयटे गुरिला वॉरफेअर फोर्सेस' ही बळकट संघटना होती. कॉन्स्टॅब्युलरीत नोकरी केलेले मिरांडा स्वतःला ब्रिगेडियर जनरल म्हणवत. जपान्यांशी ते कडवेपणाने लढत होते, याविषयी मतभेद नाही. परंतु १९४२ मध्ये शरण गेलेल्या अधिकाऱ्यांविषयी त्यांच्या मनात तीव्र अढी होती. शरणागती पत्करलेल्या आणि नंतर निसटून आलेल्या माणसाचा हुकूम आपण का मानावा, असा त्यांचा प्रश्न होता.

या वादाला दोन बाजू होत्या. कांगलेऑन यांनी वरिष्ठांचा वैध आदेश पाळला होता व संधी मिळताच कैदेतून निसटून लढा पुन्हा सुरू केला होता. दुसरीकडे, मिरांडा व त्यांच्यासारख्यांनी सर्वांत अंधाऱ्या महिन्यांत कोणत्याही मदतीविना प्रतिकार चालू ठेवला होता. आता बाहेरून आलेल्या आदेशाने त्यांना दुय्यम स्थान मिळणार होते. वाटाघाटींतून तोडगा निघाला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कांगलेऑन यांनी मिरांडा यांच्याविरुद्ध तुकडी पाठवली. लढाईत मिरांडा यांचा पराभव झाला. त्यांच्या अनेक सैनिकांनी नंतर कांगलेऑन यांच्या सेनेत प्रवेश केला.

जपानी सैन्य बेटावर असताना फिलिपिनो गनिमांनी एकमेकांवर गोळ्या झाडाव्यात, ही लेयटेच्या प्रतिकाराच्या इतिहासातील क्लेशकारक घटना मानली जाते. या लढाईनंतर बेटावर एकच अधिकृत सेना उरली, हा तिचा व्यावहारिक परिणाम होता.

संघटना व कार्यपद्धती

१९४४ च्या शरद ऋतूपर्यंत कांगलेऑन यांच्या सेनेत तीन हजारांहून अधिक अधिकारी व सैनिक होते. त्यांच्या जोडीला गावोगावचे स्वयंसेवक रक्षक होते. त्यांच्याकडे बहुधा 'बोलो' हा शेतीकामातला लांब कोयताच शस्त्र म्हणून असे. पहारा देणे, निरोप पोहोचवणे, जखमींना हलवणे व धान्य वाहणे ही कामे ते करत. स्त्रिया कपडे शिवणे, पट्ट्या तयार करणे, शुश्रूषा व निरोप्यांचे काम यांत सहभागी होत.

शस्त्रांची टंचाई कायम होती. विसाया व मिंडानाओ बेटांवरील गनिमांनी नळाच्या लोखंडी पाइपांपासून 'पाल्टिक' नावाच्या घरगुती बंदुका बनवल्या. पडद्यांच्या पितळी दांड्या कापून व कानशीने घासून त्यांच्या गोळ्या तयार केल्या. माडाच्या ताडीपासून काढलेला मद्यार्क व खोबरेल तेल इंजिनांना इंधन म्हणून वापरले. चलनाची अडचण दूर करण्यासाठी व्यापलेल्या फिलिपिन्सच्या अनेक प्रांतांत आणीबाणीच्या नोटा छापल्या गेल्या. लेयटेतही अशा नोटा प्रचारात होत्या. त्या जवळ बाळगणाऱ्यास जपानी सैन्य कडक शिक्षा करत असे. तरीही लोकांनी त्या स्वीकारल्या. युद्धानंतर त्यांचे मूल्य मिळेल, या विश्वासावर हा व्यवहार चालत होता.

१९४३ पासून पार्सन्स यांनी आखलेल्या योजनेनुसार अमेरिकी पाणबुड्या फिलिपिन्सच्या गनिमांना बिनतारी यंत्रे, हलक्या बंदुका, दारूगोळा व औषधे पुरवू लागल्या. या सामानासोबत 'मी परत येईन' हे मॅकआर्थर यांचे वचन छापलेली सिगारेटची पाकिटे व काड्यापेट्याही येत. अशी एखादी काडेपेटी हाती पडल्यावर बाहेरचे जग आपल्याला विसरलेले नाही, हे खेड्यातील माणसाला कळे.

मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाचे धोरण मात्र गनिमांनी शक्यतो उघड लढाई टाळावी व माहिती गोळा करण्यावर भर द्यावा, असे होते. त्यामागे ठोस कारण होते. जपानी सैनिक मारला गेला की जवळच्या गावावर सूड उगवला जाई. घरे जाळली जात, पुरुषांना पकडून छळले जाई. त्यामुळे लढणारे सैनिक व जनता यांच्यात ताण निर्माण होई. पूर्ण निष्क्रिय राहिल्यास सैनिकांचे मनोधैर्य खचे व लोकांचा विश्वास उडे. सतत हल्ले केल्यास गावे उद्ध्वस्त होत. १९४३ च्या अखेरीस जपानपुरस्कृत होसे लॉरेल सरकारने शरण येणाऱ्या गनिमांना क्षमा जाहीर केली आणि जपानी सैन्याच्या मोहिमाही वाढल्या. कांगलेऑन यांनी शरणागती नाकारली. त्यांची सेना डोंगरात विखुरत राहिली, गस्तींवर व रसद तुकड्यांवर छापे घालत राहिली आणि मुख्य म्हणजे बिनतारी केंद्रे चालू ठेवत राहिली.

लेयटेची मुक्ती

अमेरिकेच्या मूळ योजनेनुसार १९४४ च्या नोव्हेंबरात प्रथम मिंडानाओवर व नंतर डिसेंबरात लेयटेवर सैन्य उतरणार होते. सप्टेंबरमध्ये ॲडमिरल विल्यम हॉल्सी यांच्या विमानांना मध्य फिलिपिन्सवरील हल्ल्यांत फारच कमी प्रतिकार झाला. याच सुमारास लेयटेजवळ विमान कोसळून स्थानिक लोकांच्या मदतीने वाचलेल्या एका अमेरिकी वैमानिकाने, लेयटेवर जपानी सैन्य नाही असे आपल्याला सांगण्यात आल्याचे कळवले. हॉल्सी यांनी मिंडानाओ वगळून थेट लेयटेवर उतरण्याची शिफारस केली व ती मान्य झाली. नवा दिवस २० ऑक्टोबर हा ठरला.

वैमानिकाची माहिती चुकीची होती. लेयटेवर जपानची १६ वी डिव्हिजन व इतर तुकड्या मिळून सुमारे वीस हजार सैनिक होते. मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाला गनिमांच्या अहवालांवरून हे संख्याबळ बरेचसे अचूक ठाऊक होते. जपानी तुकड्यांच्या हालचाली, विमानतळांची स्थिती, किनाऱ्यावरील बंदोबस्त व रस्ते यांविषयीचे लेयटेवरून येणारे संदेश या अंदाजांचा महत्त्वाचा आधार होते.

आक्रमणाच्या काही दिवस आधी पार्सन्स व लष्कराचे एक अधिकारी समुद्री विमानाने लेयटेच्या किनाऱ्यावर उतरले व कांगलेऑन यांच्याशी संपर्क साधला. नौदलाच्या तोफांच्या माऱ्यात नागरिक सापडू नयेत म्हणून त्यांना किनाऱ्यापासून दूर नेणे, हा या भेटीचा प्रमुख उद्देश होता. हे काम नाजूक होते. लोकांना हलवायचे होते आणि त्याच वेळी जपान्यांना हल्ल्याच्या जागेचा सुगावा लागू द्यायचा नव्हता.

२० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेच्या सहाव्या सेनेने टॅक्लोबान ते दुलाग दरम्यानच्या पूर्व किनाऱ्यावर सैन्य उतरवले. त्याच सकाळी दक्षिणेस पानाओन सामुद्रधुनीजवळ २१ वी पायदळ रेजिमेंट उतरली. तेथे तिला जपानी प्रतिकार झाला नाही. दुपारी मॅकआर्थर राष्ट्राध्यक्ष सर्जिओ ओस्मेन्या यांच्यासह पालोजवळ किनाऱ्यावर आले.

मोहीम अपेक्षेहून दीर्घ व रक्तरंजित ठरली. २३ ते २६ ऑक्टोबरच्या लेयटे आखाताच्या लढाईत जपानी आरमाराचा निर्णायक पराभव झाला. तरी जपानने ऑर्मोक बंदरातून बेटावर ४५,००० हून अधिक सैनिकांची कुमक आणली. अखंड पाऊस, चिखल व वादळे यांमुळे अमेरिकी आगेकूच मंदावली. गनिमांनी वाटाडे, हेर, ओझेवाहक व पुरवठामार्गांचे रक्षक म्हणून अमेरिकी तुकड्यांना साहाय्य केले आणि विखुरलेल्या जपानी तुकड्यांशी स्वतंत्रपणेही लढा दिला. ७ डिसेंबर रोजी अमेरिकी सैन्य ऑर्मोकच्या दक्षिणेस उतरले आणि जपानी रसद तुटली. २६ डिसेंबर रोजी मॅकआर्थर यांनी संघटित प्रतिकार संपल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात डोंगरांतील लढाई पुढे काही महिने चालली. या मोहिमेत सुमारे ३,५०० अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

पदक प्रदान समारंभ

२३ ऑक्टोबर १९४४ रोजी टॅक्लोबान येथील प्रांतिक राजभवनाच्या पायऱ्यांवर फिलिपिन्सचे नागरी सरकार पुन्हा स्थापन झाल्याची घोषणा करण्यात आली. मॅकआर्थर व ओस्मेन्या यांची भाषणे झाली व दोन्ही देशांचे ध्वज फडकवण्यात आले. याच समारंभात मॅकआर्थर यांनी कांगलेऑन यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस लावला. युद्ध त्या क्षणी शहरापासून फार दूर नव्हते. मुक्त झालेल्या पहिल्या भूमीवर, नव्याने स्थापलेल्या सरकारच्या पहिल्याच समारंभात एका फिलिपिनो गनिमी सेनापतीचा गौरव व्हावा, याला प्रतीकात्मक महत्त्व होते. त्यानंतर कांगलेऑन यांच्याकडे लेयटे प्रांताचे हंगामी राज्यपालपद सोपवण्यात आले.

संरक्षण सचिव

मे १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल रोहास यांनी कांगलेऑन यांना संरक्षण सचिव नेमले. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाले. अशा रीतीने ते स्वतंत्र प्रजासत्ताकाचे पहिले संरक्षण सचिव ठरले. रोहास यांनी युद्धकाळात लॉरेल सरकारमध्ये पद स्वीकारले होते. त्यांच्या मंत्रिमंडळात एका प्रमुख गनिमी सेनापतीचा समावेश होणे राजकीयदृष्ट्या अर्थपूर्ण होते. एप्रिल १९४८ मध्ये रोहास यांचे निधन झाल्यावर त्यांचे उत्तराधिकारी एल्पिदिओ किरिनो यांनीही कांगलेऑन यांना पदावर कायम ठेवले.

त्यांच्या कारकिर्दीसमोर दोन कठीण प्रश्न होते. पहिला प्रश्न गनिमांच्या मान्यतेचा होता. युद्धानंतर सेवेची मान्यता मिळावी म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी दावे केले. अमेरिकी लष्कराने सुमारे २,६०,००० जणांनाच गनीम म्हणून मान्यता दिली. कागदपत्रे ठेवणे हाच युद्धकाळात गुन्हा होता. त्यामुळे अनेक खऱ्या सैनिकांपाशी पुरावा नव्हता, तर काही खोट्या दावेदारांपाशी तो होता. त्यातच अमेरिकी काँग्रेसच्या फेब्रुवारी १९४६ मधील कायद्याने बहुतांश फिलिपिनो सैनिकांना अमेरिकी माजी सैनिकांच्या सवलतींपासून वंचित केले. ज्या सेनापतींनी युद्धानंतर न्याय मिळेल असे आपल्या सैनिकांना सांगितले होते, त्यांची यामुळे नैतिक कोंडी झाली.

दुसरा प्रश्न मध्य लुझोनमधील 'हुक' बंडाचा होता. जपान्यांशी लढलेल्या या शेतकरी गनिमांना युद्धानंतर मान्यता मिळाली नाही. जमीनदार व सरकारी दलांशी त्यांचा संघर्ष पेटला. रोहास सरकारने मार्च १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेवर बंदी घातली. किरिनो यांनी त्याच वर्षी क्षमा जाहीर करून वाटाघाटी केल्या, पण त्या फिसकटल्या. १९५० च्या ऑगस्टमध्ये हुक गनिमांनी तारलाक येथील लष्करी तळावर मोठा हल्ला केला. एकेकाळी स्वतः गनिमी सेना चालवणारे कांगलेऑन आता सरकारी बाजूने दुसऱ्या गनिमी युद्धाला तोंड देत होते. लष्करी बळावर भर देणारे धोरण शेतकऱ्यांच्या तक्रारींना उत्तर देऊ शकले नाही, ही त्या काळातील सरकारवरील प्रमुख टीका आहे.

ऑगस्ट १९५० च्या अखेरीस कांगलेऑन पदावरून दूर झाले. १ सप्टेंबर रोजी त्यांची जागा रेमन मॅगसेसे यांनी घेतली. मॅगसेसे हेही युद्धकाळात झांबालेस प्रांतातील गनिमी नेते होते. त्यांनी लष्करी सुधारणांना शरण येणाऱ्यांच्या पुनर्वसनाची जोड देऊन बंड आटोक्यात आणले. विनोबा भावे यांना १९५८ मध्ये मिळालेला व भारतात सुपरिचित असलेला रेमन मॅगसेसे पुरस्कार यांच्याच नावाने दिला जातो.

सिनेट व मृत्यू

नोव्हेंबर १९५३ च्या निवडणुकीत मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष झाले. याच निवडणुकीत कांगलेऑन मॅगसेसे यांना पाठिंबा देणाऱ्या आघाडीतील डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिनेटवर निवडून आले. संरक्षण खात्यातील पूर्वाधिकारी व उत्तराधिकारी अशा रीतीने एकाच बाजूने लढले. सिनेटच्या सहा वर्षांच्या मुदतीत असतानाच २७ फेब्रुवारी १९५८ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, कांगलेऑन यांचे निधन झाले.

वारसा

लेयटेतील पालो येथील पोलीस मुख्यालयाच्या तळाला 'कॅम्प रुपेर्तो कांगलेऑन' हे नाव देण्यात आले आहे. मॅकआर्थर ज्या किनाऱ्यावर उतरले, तो याच पालो गावाच्या हद्दीत आहे.

फिलिपिनो सैनिकांच्या मान्यतेचा प्रश्न कांगलेऑन यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके चालू राहिला. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने हयात फिलिपिनो सैनिकांना एकरकमी भरपाई मंजूर केली. अमेरिकी नागरिक असलेल्यांना १५,००० डॉलर व इतरांना ९,००० डॉलर अशी ती होती. डिसेंबर २०१६ मध्ये फिलिपिनो माजी सैनिकांना सामूहिकरीत्या काँग्रेसचे सुवर्णपदक देणारा कायदा संमत झाला व ऑक्टोबर २०१७ मध्ये ते प्रदान करण्यात आले. तोपर्यंत बहुतेक सैनिक हयात नव्हते.

साहित्य व चित्रपट

कांगलेऑन यांच्या सेनेत काम केलेले अमेरिकी नौदल अधिकारी इलिफ रिचर्डसन यांच्या अनुभवांवर पत्रकार आयरा वोल्फर्ट यांनी 'अमेरिकन गुरिला इन द फिलिपिन्स' हे पुस्तक १९४५ मध्ये लिहिले. त्यावर फ्रिट्झ लँग यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९५० मध्ये प्रदर्शित झाला. दोन्हींच्या केंद्रस्थानी अमेरिकी अधिकारी असल्याने फिलिपिनो नेतृत्वाला त्यांत दुय्यम स्थान मिळाले. एल्मर लिअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला लेयटेवरील जपानी राजवटीचा अभ्यास या बेटाच्या युद्धकालीन समाजजीवनाचे अधिक सखोल चित्र देतो.

कालपट

१८९० – मॅक्रोहॉन येथे जन्म
१९४२, मे – वरिष्ठांच्या आदेशानुसार शरणागती. बुटुआन येथे कैद
१९४२, डिसेंबर – कैदेतून पलायन, लेयटेला परत
१९४३, ऑगस्ट – मिरांडा यांच्या गटाचा पराभव
१९४३, ऑक्टोबर – लेयटे एरिया कमांडचे प्रमुख म्हणून अधिकृत मान्यता
१९४४, २० ऑक्टोबर – अमेरिकी सैन्य लेयटेवर उतरले
१९४४, २३ ऑक्टोबर – डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस प्रदान
१९४६ ते १९५० – संरक्षण सचिव
१९५३ – सिनेटवर निवड
१९५८ – निधन